पत्रकावरचा हात

फोटो काढला तेव्हा आई जिताडा कापत होती. माहेरच्या गावाहून, खाडीकडून भाच्याने पाठवलेला चांगला हातभर लांब मासा होता. मी मोबाइल पुढे केला तर म्हणाली, "थांब गो, शेपटी नीट धरते." तिला वाटलं, मी माशाचा फोटो घेतेय. मी मासा वगळला आणि तिचा उजवा हात घेतला. मनगटापासून करंगळीपर्यंत कातडी चुरगळलेली, चकाकणारी. करंगळी आणि शेजारचं बोट कधी पूर्ण मिटत नाही.

"तोंड आलं का माझं?" तिने विचारलं.

"नाही. हातच घेतलाय."

"बरं झालं. केस विंचरले नव्हते."

पंधरवड्यात तो हात रोहा तालुक्यात भिंतीभिंतीवर लागला. वर मोठ्या टाइपात मी लिहिलेली ओळ होती : 'हा हात कंपनीने जाळला. उद्या पाळी कुणाची?'

मला पत्रकं लिहिता येतात. दुसरं काही धड लिहिता येत नाही. छोटी वाक्यं, जाड अक्षर, शेवटी प्रश्न. कॉलेज सुटल्यापासून मी हेच केलंय. रोह्यात नदीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या खोलीत राहते, नदीकाठच्या गावांत फिरते, नदीला वास का येतो हे विचारते. उत्तर मिळत नाही म्हणून पुन्हा विचारते. या सगळ्याची सुरुवात आईच्या हातापासून झाली, असं मी प्रत्येक सभेत सांगायचे. ते खोटं नव्हतं. मला कळायला लागल्यापासून आजी, आत्या, आळीतल्या बायका एकच सांगत आल्या : कंपनीत भाजलं. आईही तेच सांगायची. 'कंपनीत भाजलं' म्हणायची आणि उठून कामाला लागायची. त्या दोन शब्दांचा राग घेऊन मी मोठी झाले.

पत्रकांचा एक गठ्ठा घेऊन मी पेणला घरी गेले. तिने कौतुक करावं अशी इच्छा होती, उगाच का नाकारू. आई पत्रक हातात धरून ओटीवर बसली. निवृत्त झाल्यापासून तिला चष्मा लागलाय. तिने सगळं वाचलं, खाली छापलेला संपर्क सुद्धा. मग कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं.

"हे कंपनीनं नाय केलं," ती म्हणाली.

मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "आई, आता तू रिटायर आहेस. कंपनी तुझं काय करणार?"

"घाबरत नाय मी. सांगतेय. कंपनीनं नाय केलं. तुझ्या बापसानं केलं."

भिंतीवर बाबांचा फोटो होता. हार सुकला होता.

बाबा आखणीवाले होते, हे आधी सांगायला हवं. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. माती मळणारे, साचे भरणारे, पॉलिश पेपर मारणारे, रंग देणारे पुष्कळ. पण डोळे आखणारे थोडे. मूर्ती पूर्ण होते ती आखणीने, आणि आखणीत चुकलेली रेघ पुसता येत नाही. म्हणून आमच्या घरात सीझनमध्ये बाबांचा हात जपायची रीत होती. आषाढ लागला की त्यांनी बादली उचलायची नाही, विळा धरायचा नाही, गरम भांड्याला शिवायचं नाही. जेवायला बसले की आजी ताट त्यांच्या मांडीपर्यंत नेऊन द्यायची. पाण्याचा तांब्या सुद्धा आई भरून डाव्या बाजूला ठेवायची, म्हणजे उजव्याला श्रम नकोत. मी लहानपणी त्यांच्या उजव्या हाताला हात लावायला घाबरायचे. देवघरातल्या वस्तूला लावताना घाबरतो तसं.

अशाच एका सीझनमधली गोष्ट. आई तेव्हा रोह्याला रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होती. पहिली शिफ्ट करून ती ज्या गाडीने यायची, ती निडी स्टेशनात थांबून राहिली आणि तिला उशीर झाला. बाबा जेवायचे थांबले होते. आजी म्हणाली, "मुलाचा हात जपायचा, आणि ही कंपनीत मिरवतेय." आईने आल्या आल्या चुलीवर पेज ठेवली. पेज उकळली. काहीतरी उलटून बोलली. काय बोलली ते तिला आठवतं, पण ते तिने मला सांगितलं नाही. बाबांनी पातेलं उचललं.

"सबंध सीझनमधी तेवढंच एक भांडं उचललं त्यांनी," आई म्हणाली. "आन् हात कापला नाय हां. दुसऱ्या दिवशी आखणीला बसले. रेघ एकदम सरळ."

असं ऐकल्यावर माणसाने काय करावं? आईला जवळ घ्यावं. रडावं. निदान गप्प बसावं. मी काय केलं? मी विचारलं, "हे तू आणखी कुणाला सांगितलंयस?"

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ते. बायकांच्या सभेत 'गप्प बसू नका' म्हणून घसा फोडणारी मी.

आई म्हणाली, "सांगितलं नाय. लिवलंय. रविवारी वाचनार हाय."

ती लिहिते हे मला माहीत होतं. काय लिहिते ते मी कधी विचारलं नव्हतं. पेणच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर दर बुधवारी निवृत्त माणसं जमतात. एक माजी शिक्षिका त्यांच्याकडून लिहून घेतात; या रविवारी तिथेच त्याचं जाहीर वाचन होतं. घरातली एखादी वस्तू निवडा आणि तिच्याबद्दल लिहा, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. कुणी पाट्यावर लिहिलं, कुणी समईवर. आईने गमबुटावर लिहिलं. ती हसत हसत मला फोनवर सांगत होती, आणि मी "हो का, छान" म्हणत दुसऱ्या हाताने सभेचा मेसेज टाइप करत होते.

आणि सुनावणी त्या रविवारनंतरच्या आठवड्यात होती. कंपनीला वाढीव परवानगी हवी होती. लोकांचं म्हणणं ऐकायला रोह्यात अधिकारी येणार होते. आमच्याकडे पाण्याचे नमुने होते, मेलेल्या माशांचे फोटो होते, पण लोकांच्या लक्षात राहिला होता तो हात. चहाच्या टपरीवर माणसं म्हणायची, "तो हातवाला कागद तुमचाच ना?"

"आई," मी म्हटलं, "सुनावणी होईपर्यंत थांब. मग वाच."

तिने चष्मा काढला. "तुझी आजी पन असंच म्हनाली होती. सीझन होईपर्यंत थांब. बोभाटा नको, लोक मूर्त्या न्यायचे नायत. सीझन झाला. मग म्हनाली, आता काय उगाळायचं? तवा मीच म्हटलं, कंपनीत भाजलं. लगेच पटलं सगळ्यांना."

मी रोह्याला परत आले. भांडायला माणसं गोळा करायला आले.

संघटनेच्या खोलीत मी सगळं सांगितलं. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी हाताची बोटं कडकड मोडली. मग म्हणाले, "हे बघ, काकूंबद्दल आदर आहे. पण हे कौटुंबिक आहे. सार्वजनिक प्रश्नात कौटुंबिक आणलं की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं."

"हात आपण सार्वजनिक केला, दादा," आमच्यातली एक मुलगी म्हणाली.

"म्हणून तर! आता तो हात आपला राहिला नाही. तालुक्याचा झाला."

हे वाक्य मला तेव्हा पटलं. ते इथे लिहिताना घाण वाटते, पण पटलं होतं. ठरलं असं की मी शनिवारी पेणला जावं आणि आईचं लिखाण 'जरा बघून द्यावं'. संपादन. एवढा एक भाग नंतर कधीतरी वाचायला सांगावं.

शनिवारी गेले. आई पोह्याच्या पापडांची पिशवी बांधत होती, वाचनालयातल्या बायकांसाठी. लाल पेन घेऊन मी तिच्या पलंगावर बसले. तिने कागद दिले. म्हणाली, "शुद्धलेखन कर. बाकीचं हाय तसं ठेव."

मी आईचं आयुष्य पहिल्यांदा वाचलं. मी माणसांची आयुष्यं गोळा करत तालुकाभर हिंडते, गावोगाव चटयांवर बसून बायकांना 'बोला, बोला' म्हणते, आणि आईचं असं वाचलं, लाल पेन हातात धरून.

खाडीकडचं मिठागर होतं त्यात. शाळा सोडून मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी मुलगी होती. मिठाने पायाला भेगा पडायच्या आणि त्याच भेगांत पुन्हा मीठ जायचं. मग लग्न होऊन पेण. 'खाडीकडची' म्हणून सासू तिला मूर्तीच्या चेहऱ्याला हात लावू द्यायची नाही. पाठ घासायला द्यायची. तिने लिहिलं होतं : 'इतके गणपती केले पण मी फक्त पाठी पाहिल्या.' मग उन्हाळ्यात पापड, दुसऱ्यांच्या अंगणात. मग एका शेजारणीच्या ओळखीने रोह्याची कंपनी.

कंपनीवर सगळ्यात जास्त पानं होती. मला वाटलं होतं तिथे छळ असेल. तिथे लॉकर होता. 'त्याला किल्ली होती. ती किल्ली माझ्या गळ्यात. माझी म्हणून किल्ली मला पहिल्यांदा मिळाली.' कँटीनचं जेवण होतं : 'मी केलेलं नाही असं जेवण रोज. पहिल्या दिवशी दोनदा भात घेतला.' गमबूट होते. मिठागरात अनवाणी गेलेल्या पायांना गमबूट. मी चिडत वाचत होते. माझ्या आईला कंपनी आवडत होती. ज्या कंपनीविरुद्ध मी माझी तरुण वर्षं घालवतेय, तिथे जाण्यासाठी ती पहाटे उठून आंघोळ करून आनंदाने निघत होती.

आणि त्याच पानांवर, तितक्याच सरळपणे, हे होतं : पॅकिंगमध्ये रंगाची पावडर उडायची. नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी. घाम पुसला की टॉवेल गुलाबी. भाचीच्या हळदीला बायका म्हणाल्या, हिला हळद लावू नका, हिचा आधीच रंग सुटतो. सगळ्या हसल्या, तीही हसली. मास्क मागितला तर साहेब म्हणाला, पदर आहे ना? तिच्यासोबतच्या दोघी खोकत खोकत काम सोडून गेल्या, त्यांच्या घरी ती अजून जाते.

हे आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला हात मिळाला होता.

हाताचं पान शेवटी होतं. त्यात रडगाणं नव्हतं. हात भाजल्यावर ती कामावर गेली, कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्सने रोज पट्टी बदलली, कसं झालं म्हणून विचारलं. 'तिला सांगितलं, घरी पेज सांडली. पेणात सांगितलं, कंपनीत भाजलं. रोह्यात मी घराचं नाव राखलं, पेणात कंपनीचं घालवलं. दोन्हीकडे ते सुटले.'

'ते' म्हणजे बाबा. अजूनही तिने आदरार्थी लिहिलं होतं.

मी पेनाचं टोपण लावलं. एक ओळसुद्धा खोडली नाही, असं सांगून मला चांगलं ठरायचं नाहीये. खोडायचं धैर्य झालं नाही एवढंच. आणि तरीही बाहेर येऊन मी म्हणालेच, "आई, निदान बाबांचं नाव न घेता वाच. 'घरातलं कुणी' असं म्हण."

"घरात तीन मानसं होतो. मी, सासू, ते. तू झोळीत. 'कुनी' म्हटलं तर लोक तुझ्या आजीवर घेतील. तिनं पेज नाय टाकली. तिच्यावर कशाला?"

आजीवर सुद्धा खोटा आरोप नको. आणि आम्ही?

रविवारी वाचनालयाचा वरचा मजला भरला. संघटनेचे चौघे आले होते, दादाही. आत्या आली होती, वहिनीचं वाचन म्हणून पेढे घेऊन. मी तिला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बाबांच्या हाताखाली रंग भरायला शिकलेले एक काका पुढच्या रांगेत होते.

आई वाचायला लागली. गमबुटावर लोक हसले, गुलाबी रुमालावर पुढे सरकून बसले. शेवटच्या पानावर ती थांबली नाही, आवाज बदलला नाही. आत्या मध्येच उठली. पेढ्यांचा पुडा खुर्चीवर राहिला.

वाचून झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. पुढच्या रांगेतले काका उभे राहिले. "वहिनी, तो हात देवाचे डोळे आखायचा. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"आखायचा, व्हय," आई म्हणाली. "आखणी त्यांच्यासारखी कुनाची नव्हती, ते पन लिवलंय मी. तुम्ही ऐकलंत ना? दोन्ही एकाच मानसाचं हाय. मी काय करू?"

काका बसले.

मग मागून दादा. गोड आवाजात. "काकू, तुमचं धैर्य मोठं आहे. पण आता सुनावणीत कंपनीवाले म्हणतील, संघटना खोटारडी. मग नदीचं काय?"

आईने कागद जुळवून मांडीवर ठेवले. "नदीला वास येतो ना?"

"येतो."

"मग वास सांगा. माझा हात कशाला लागतो?"

सगळे मागे वळून आमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, दादा बोलतील. ते मोबाइल बघत होते. आई कुणाकडे बोट दाखवत नव्हती, माझ्याकडे तर बघतही नव्हती. ती वाचवत होती मला. जशी तिने बाबांना वाचवलं होतं, दोन्हीकडे.

म्हणूनच मी उठले. "पत्रक मी लिहिलंय," म्हटलं. "आईला न विचारता फोटो लावला. तिला वाटलं मी माशाचा काढतेय. ते मी काढून घेतेय." पुढे एक वाक्य तयार होतं, टाळ्यांचं. ते गिळलं.

भिंतीवरची पत्रकं काढायला मी आणि 'हात आपण सार्वजनिक केला' म्हणणारी ती मुलगी, दोघीच गेलो. कोलाडच्या नाक्यावर एका हॉटेलवाल्याने विचारलं, "का हो, कंपनीने पैसे दिले वाटतं?" मी सांगितलं, हात कंपनीने जाळला नव्हता, नवऱ्याने जाळला. तो म्हणाला, "मग हे घरचं प्रकरण," आणि कढईकडे वळला. हेच मलाही पटलं होतं, थोड्याच दिवसांपूर्वी.

सुनावणी झाली. कंपनीच्या माणसाने पत्रकाचा उल्लेखही केला नाही. त्यांनी ते वाचलंच नव्हतं बहुधा. ज्या भीतीपोटी मी आईचं तोंड बंद करायला निघाले होते, ती भीती आमच्याच खोलीत तयार झाली होती. आई मात्र आली होती, तिने स्वतःहून नाव दिलं होतं. उभी राहून तिने गुलाबी रुमालाचं सांगितलं, मास्कचं, त्या दोघींच्या खोकल्याचं. लॉकरचंही सांगितलं. अधिकारी म्हणाले, "लॉकरचं लिहून घ्यायची गरज नाही." ती म्हणाली, "मग रुमालाचं पन नका घेऊ. दोन्ही घ्या, नायतर र्‍हाऊ दे." दोन्ही घेतलं. निकाल काय लागेल ते माहीत नाही. नदीला वास येतोच आहे.

आत्याने बोलणं टाकलंय. दादा बोलतात, पण 'कामापुरतं'. बाबांचा फोटो भिंतीवर आहे. मी आईला विचारलं, काढायचा का? तर म्हणाली, "र्‍हाऊ दे. हार तेवढा काढ, माश्या बसतात." माझ्या मनात त्या फोटोबद्दल काय आहे ते मला सांगता येत नाही. त्या हाताने मला खांद्यावर घेतलं होतं. सीझन नसताना.

उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे मी पेणला आणले, जाळून टाकायला. संध्याकाळी पाहिलं तर आईने सुतळी सोडली होती. एक कागद उलटा करून पाटावर ठेवला होता आणि लिहीत होती. खाली तिचाच हात छापलेला, वर तोच हात पेन धरून, दोन बोटं बाहेर.

"आई, हे नको. मी कोरे कागद आणते."

"मागची बाजू कोरीच हाय की. वाया कशाला?" ती मान वर न करता म्हणाली. "आता मिठागराचं लिवतेय, नीट. त्यात तुझ्या आजाचं येनार. माझ्या बापसाचं. ते पन थांब म्हनशील?"

मी म्हटलं, "नाही." तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, खरं की खोटं ते. मग कागद सरकवून म्हणाली, "बस मग. शुद्धलेखन कर."